जिथला संघ तिथे अंधार

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्याचा शार्दूलचा फोन आला, तेव्हा कादंबरी जर्मनीत, बाड हॉम्बुर्गच्या ऑफिसात डायलिसिस मशीनच्या माहितीपुस्तिकेवर मान मोडत बसली होती. "ताई, अण्णा पडले. उजवी बाजू गेलीय," एवढं सांगून शार्दूल थांबला आणि मग म्हणाला, "आणि बोलता येत नाहीये." पहिल्या वाक्याने ती उठून उभी राहिली आणि दुसऱ्याने परत खुर्चीत बसली. कारण अण्णांची बाजू गेली तरी अण्णा उरले असते. पण वाचा गेली म्हणजे काय गेलं, हे तिला आणि शार्दूललाच ठाऊक होतं.

अण्णा म्हणजे आत्माराम गुरुजी. कराडजवळच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला, पण तीन तालुके त्यांना ओळखायचे ते कुस्त्यांचे निवेदक म्हणून. यात्रेचं मैदान असलं की गुलाबी फेटा बांधून गुरुजी माईकसमोर उभे राहायचे. हलगी थांबायची आणि त्यांचा आवाज सुरू व्हायचा. कोण पैलवान, कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, बाप काय करतो, हे सगळं सांगून झाल्याशिवाय ते डावावर यायचेच नाहीत. "आधी माणूस सांगावा, मग डाव," असं ते म्हणायचे. "माणूस कळला नाही तर डाव कुणाचा म्हणून बघायचा?" मैदानाच्या पार कडेला, बैलगाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसालाही त्यांच्या बोलण्यातून कुस्ती दिसायची. निकाली कुस्ती त्यांना प्रिय. गुणांवर सुटलेल्या कुस्तीचा त्यांना राग. "गुण शाळेत द्यावेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

कादंबरीची आई साधना गेल्यावर अण्णा आधी जर्मनीत येऊन राहिले. तीन महिने राहिले आणि कंटाळले. लेक, जावई उत्कर्ष, नात अन्वी, कुणाबद्दल तक्रार नव्हती. "घर झकास आहे गं तुझं," ते म्हणाले, "पण इथं माणसं एकमेकांना सांगत नाहीत काही. दारावर नुसती चिठ्ठी लावतात." मग ते शार्दूलकडे अमेरिकेला गेले आणि तिथे रमले, ते बेसबॉलमुळे.

शार्दूलचं शहर अमेरिकेच्या मधल्या भागातलं, मोठ्या नदीच्या काठचं. तिथल्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. मागच्या अंगणातून स्टेडियमचे दिवे दिसत. प्रादेशिक वाहिनीवर रोज सामना असायचा, आणि अण्णा बघता बघता त्यात गुंतले. क्रिकेट त्यांना कधीच फारसं आवडलं नव्हतं. पण बेसबॉल बघून त्यांनी कादंबरीला फोनवर सांगितलं होतं, "अगं, ही कुस्तीच आहे! एक टाकणारा, एक मारणारा. जोड लागली की लागली. बाकीचे सगळे कडेला उभे." धावून गाठायच्या प्रत्येक बेसला ते ठाणं म्हणायचे. पहिलं ठाणं, दुसरं ठाणं, तिसरं ठाणं, आणि मग घर. वाहिनीवरचा म्हातारा निवेदक त्यांना पसंत होता. "माणूस सांगतो आधी," ते कौतुकाने म्हणायचे. "शिकलेला आहे कुठंतरी."

झटका आला तो फेब्रुवारीत. कादंबरी लगेच तिकडे जाऊन राहिली. मार्चमध्ये तिची वर्षाची सुट्टी संपली आणि ती परतली, तेव्हा अण्णा नुकतेच घरी आले होते. डॉक्टरांनी सांगितलं, की समजतं बऱ्यापैकी, पण शब्द सापडत नाहीत. आणि मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. इंग्रजी पुसल्यासारखी गेली होती. मराठी कळत होती, पण तोंडात "हं", "नाही" आणि "चांगभलं" एवढंच उरलं होतं. पाणी हवं असलं तरी चांगभलं, पाय दुखला तरी चांगभलं. बाहेर पडलेला शब्द आपल्याला हवा होता तो नाही, हे त्यांना कळायचं, आणि मग ते डावा हात उशीवर आपटायचे.

एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला आणि शार्दूलचा फोन आला. तो वैतागलेला होता.

"ताई, टीव्हीवर सामनेच नाहीत. प्रादेशिक वाहिनी आणि केबल कंपनीचं फाटलं. वाहिनी बंद केलीय."

"मग इंटरनेटवर लाव ना. सगळे सामने दाखवणारी सेवा आहे म्हणतोस ना?"

"आहे. पण इथं नाही दिसत." शार्दूलने सुस्कारा टाकला. "ज्या शहराचा संघ, त्या शहरात दाखवायचा हक्क प्रादेशिक वाहिनीचा. म्हणून इंटरनेटवाले आमच्या भागात हेरन्सचे सामने बंद ठेवतात. ब्लॅकआउट म्हणतात त्याला. वाहिनीने दाखवलं नाही तरी हक्क तिचाच. तुला सांगतो, अख्ख्या जगात दिसतात. फक्त आमच्या गावात नाहीत. दिवे दिसतात अंगणातून, सामना दिसत नाही."

"रेडिओ?"

"इंग्रजी आहे ना रेडिओ. मी लावला. त्यांनी ऐकलं थोडं आणि तोंड फिरवलं. टीव्ही असता तर नुसतं बघितलं असतं." मग तो म्हणाला, "रोज संध्याकाळी त्या काळ्या टीव्हीकडे बोट करतात गं. मी काय सांगू त्यांना? करार सांगू?"

त्या रविवारी कादंबरीने बाड हॉम्बुर्गमध्ये त्या सेवेचे पैसे भरले आणि हेरन्सचा सामना तिच्या बैठकीत लख्ख दिसू लागला. तिकडची दुपार म्हणजे इकडची संध्याकाळ. हिरवं मैदान, तांबूस माती, गर्दी. अण्णांच्या उशीपासून दोन-तीन मैलांवर चाललेला खेळ तिला समुद्रापलीकडे दिसत होता. तिला त्याची लाजच वाटली. उत्कर्षने स्क्रीन शेअर करायचा प्रयत्न केला, तर चित्राच्या जागी काळा चौकोन गेला. मग तिने व्हिडिओ कॉल करून फोन टीव्हीसमोर धरला. चेंडू दिसेना, चित्र हललं, आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"मग सांग तूच," उत्कर्ष म्हणाला.

"काय सांगू?"

"काय दिसतंय ते. मराठीत."

तिने सांगितलं. पण बारा वर्षं माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाईचं ते सांगणं. "अण्णा, आता पिचरने चेंडू टाकला. बॅटरने मारला नाही. आता परत टाकतोय." तिकडून आवाज नाही. अर्ध्या तासाने ऊर्मिलाने, शार्दूलच्या बायकोने, हळूच फोन उचलला. "ताई, झोपलेत ते."

 आपल्याला मशीन सांगता येतं, माणूस सांगता येत नाही, असं कादंबरीच्या मनात आलं. पुढच्या रविवारपर्यंत तिने हेरन्सच्या खेळाडूंची माहिती मिळेल तिथून वाचून काढली. रोज बसमध्ये वाचली, जेवणाच्या सुट्टीत वाचली. आणि त्या रविवारी बाल्कनीत लॅपटॉप ठेवून, कानात फोन लावून ती सामना सुरू व्हायच्या आधीच बोलू लागली.

"अण्णा, ऐका. आज टाकायला कोण आहे माहितीये? ओसोरिओ. उंच, सडपातळ, डाव्या हाताचा. गाव समुद्रकाठचं, डोमिनिकन देशातलं. आई भट्टी चालवते पावाची. लहानपणी हा पाव पोचवायचा घरोघर, आणि लांबच्या घरात पाव रस्त्यावरून फेकायचा म्हणे. तिथनं हात तयार झाला."

फोनमध्ये काहीतरी खसखसलं. मग आवाज आला, घोगरा, पण हसरा. "हं!"

"आणि समोर कोण? समोर आहे त्यांचा दांडगा. मान दिसत नाही अण्णा, खांद्यावर थेट डोकं. गेल्या वेळी यानेच ओसोरिओचा चेंडू भिंतीपलीकडे भिरकावला होता. जोड लागलीय. ओसोरिओने पाय उचलला... टाकला... आणि दांडग्याने हवेत वार केला! हवेत!"

"चांगभलं!" अण्णा ओरडले. आणि या वेळी तो शब्द अगदी जागेवर बसला होता.

त्यानंतर उन्हाळाभर हे चाललं. दर रविवारी कादंबरी बाल्कनीत बसायची; अधूनमधून आठवड्यातल्या दुपारच्या सामन्यालाही ऑफिसातून धावतपळत घरी येऊन बसायची. तिचा आवाज चढायचा. अन्वी आतून ओरडायची, "ममा, रूहत्साइट!" रविवारची शांतता पाळायची, हे शाळेत शिकलेली पोर. खालच्या मजल्यावरचे हेर्र क्रेमर एकदा जिन्यात भेटले, घरी सगळं ठीक ना, म्हणून त्यांनी अवघडून विचारलं. तिने सांगितलं. ते "आख सो," म्हणजे असं होय, म्हणाले, आणि नंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही.

अण्णांचं बोलणं मात्र सुधारत नव्हतं. वाचा-उपचार करणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची, इंग्रजीत चित्रं दाखवायची. अण्णा चित्रांकडे बघायचे आणि खिडकीकडे बघायचे. फोनवर ते हुंकार द्यायचे, हसायचे, क्वचित रडायचे. शब्द तेच तीन.

आणि शार्दूल थकत चालला होता. जुलैमध्ये एकदा सामना संपल्यावर त्याने फोन घेतला. कादंबरी खुशीत होती. "आज किती हसले रे! ऐकलंस ना?"

"ऐकलं." त्याचा आवाज कोरडा होता. "तुझं बरं आहे ताई. तू दोन-तीन तास बोलतेस, ते हसतात, तू फोन ठेवतेस. मग त्यांना बाथरूमला मी नेतो. रात्री तीनदा कूस मी बदलतो. सकाळी ऊर्मिला चादरी धुते. त्यांना आठवतं काय, तर रविवारी ताई बोलते."

 खोटं काहीच नव्हतं त्यात. "मी येऊ का?" तिने विचारलं.

"ये म्हणत नाहीये मी. सुट्टी संपली ना तुझी मार्चमध्ये? नुसतं सांगतोय." आणि त्याने फोन ठेवला. पुढच्या रविवारी त्याने नेहमीसारखा फोन लावून अण्णांच्या उशीशी ठेवला, पण तिच्याशी बोलला नाही. त्यानंतरही नाही. भाऊ-बहिणीत अण्णांच्या औषधांपुरते निरोप उरले.

सप्टेंबर संपत आला. हेरन्सने कधी नव्हे ती मजल मारली होती. शेवटच्या रविवारचा सामना जिंकला तर ते पुढच्या फेरीत जाणार होते. कादंबरीने त्या दिवशी सकाळपासून तयारी केली. पोहे केले, खाल्ले नाहीत. संध्याकाळी बाल्कनीत बसून तिने सेवा उघडली, तर पडद्यावर मैदानाऐवजी एक वाक्य आलं: हा सामना आपल्या देशात उपलब्ध नाही.

तिने परत उघडून पाहिलं. उत्कर्षने खटपट केली. शेवटी त्यालाच कळलं, की सामना एवढा महत्त्वाचा झाला म्हणून देशभर दाखवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तो उचलला होता. म्हणजे आज तो अमेरिकेत सगळीकडे, साध्या टीव्हीवरसुद्धा दिसणार, शार्दूलच्या गावातही. पण त्या कंपनीचे हक्क अमेरिकेपुरतेच होते. बाहेर अंधार.

"म्हणजे अण्णांना आज दिसणार," उत्कर्ष म्हणाला. "चांगलंच की."

"चांगलंच आहे," कादंबरी म्हणाली. आणि ते चांगलंच होतं, तरी तिने लॅपटॉप मिटला तो जरा जोरातच. तिच्या हातात होतं एवढं एकच काम, आणि त्याचीही आज गरज नव्हती.

तरी फोन वाजला. शार्दूलने सवयीने लावला होता. "टीव्ही लावलाय," एवढंच बोलून त्याने फोन उशीशी ठेवला. तो आणि ऊर्मिला आठवड्याची खरेदी करायला निघाले असावेत. दार लागल्याचा आवाज आला. अशा वेळी लक्ष ठेवायला येणारी शेजारची बाई पलीकडच्या खोलीत असेल. मग नुसती टीव्हीवरची गर्दी ऐकू येऊ लागली.

"अण्णा," ती म्हणाली.

"हं."

"अण्णा, आज मला दिसत नाहीये. इथं बंद केलंय त्यांनी. आज तुम्हालाच दिसतंय. तुम्ही बघा निवांत, मी ठेवते."

"नाही."

ती थांबली. गर्दीचा आवाज वाढला आणि ओसरला. अण्णांचा श्वास ऐकू येत होता, जड, जिना चढल्यासारखा.

"नाही," ते परत म्हणाले. आणि मग, बराच वेळ गेल्यावर, "आला."

कादंबरीने फोन कानाशी घट्ट दाबला. "कोण आला, अण्णा?"

"पै... पै..." हात उशीवर आपटल्याचा आवाज. "पैल-वान."

"ओसोरिओ? आपला?"

"हं. पाव. पाव... वाला." श्वास. "पाय उचलला."

कादंबरी उठून उभी राहिली. तिने उत्कर्षला हाताने खूण केली. तो दारात आला आणि त्याच्या मागे अन्वी. तिने फोनचा आवाज मोठा केला.

"टाकला," अण्णा म्हणाले.

"मग?"

"हवेत! हवेत मारली."

शब्द सरळ येत नव्हते. एक यायचा, मग खोल विहिरीतून बादली ओढल्यासारखा दुसरा. चेंडूला ते मध्येच बैल म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. ठाण्याला घाट म्हणाले. कादंबरीने एकदाही दुरुस्त केलं नाही. ती फक्त विचारत राहिली. मग? कुठं गेला? कोण धावला? आणि अण्णा सांगत राहिले. मध्येच त्यांचा धीर सुटायचा, ते गप्प व्हायचे, आणि तिला गर्दीच्या आवाजावरून काहीच कळायचं नाही. तेव्हा तिला पहिल्यांदा उमगलं, की एप्रिलपासून आपण गप्प बसलो की तिकडे कसं वाटत असेल.

"अण्णा, सांगा ना. मला काही दिसत नाही."

"थांब." हा शब्द त्यांनी झटक्यानंतर कधीच उच्चारला नव्हता. "थांब... गेला. गेला... गेला, गेला, गेला..." आवाज चढत गेला, लांबत गेला, आणि तो आवाज यात्रेतला होता. "भिंत!"

"भिंतीपलीकडे?"

"नाही. भिंतीला. दुसऱ्या... दुसऱ्या ठाण्यावर... उभा!"

अन्वी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. "आजोबा सांगतायत?" तिने मराठीत विचारलं. उत्कर्षने मान डोलावली. कुणी तिला रूहत्साइटची आठवण केली नाही.

शेवटी शेवटी अण्णा दमले. वाक्यं तुटून एकेक शब्द उरला, मग नुसता श्वास. टीव्हीवर एक मोठा गलका उठला आणि शमला, आणि त्यानंतर आलेली शांतता कादंबरीला ओळखू आली. हरलेल्या मैदानाची शांतता जगभर सारखीच असते.

"अण्णा? काय झालं?"

"पडलो," अण्णा म्हणाले.

"चितपट?"

 मग अण्णा हसू लागले. दम लागलेलं, खोकल्यात मिसळलेलं हसणं. "नाही गं," ते म्हणाले. "गुणांवर."

कादंबरी बाल्कनीच्या कठड्याला धरून खाली बसली. ती हसत होती की रडत होती, हे उत्कर्षला कळेना, म्हणून तो नुसताच तिच्याजवळ बसला.

फोनवर खडखड झाली. "ताई." शार्दूल होता. तो कधीपासून दारात उभा होता कुणास ठाऊक; सामानाच्या पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज आत्ता आला. "ताई, ते बोलले."

"हो रे."

"मी ऐकलं थोडंसं. पार्किंगमधून येताना... मला वाटलं टीव्हीच."  जुलैपासून दोघं एवढंही बोलली नव्हती.

"शार्दूल," ती म्हणाली, "ऑक्टोबरात अन्वीची हर्बस्टफेरिएन आहे, शाळेची शरदाची सुट्टी. मी सुट्टी मागते, बिनपगारी मिळाली तर बिनपगारी. दोन आठवडे. तू आणि ऊर्मिलाने कशालाही हात लावायचा नाही."

"तुला जमणार नाही ताई. कूस बदलायची म्हणजे..."

"शिकव मला."

त्याने पिशव्या उचलल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ये."

ऑक्टोबरात ती गेली. अण्णांची वाचा परत आली होती असं म्हणता येणार नाही. चांगल्या दिवशी ते वाक्य जुळवत, वाईट दिवशी परत त्याच तीन शब्दांवर येत. वाचा-उपचार करणाऱ्या बाईला शार्दूलने त्या रविवारचं सांगितलं होतं. तिने चित्रं बाजूला ठेवली आणि एका मराठी दुभाषाची सोय होते का, ते बघायला सुरुवात केली. वाहिनी आणि केबल कंपनीचं भांडण चालूच होतं.

पहिल्या दिवशी शार्दूलने तिला अण्णांना उठवायचं कसं, ते दाखवलं. काखेत हात घालायचा, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा, ओढायचं नाही, आपल्या अंगावर घ्यायचं. तिला दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा अण्णा तिच्या खांद्यावर आले, हलके, तिला वाटलं होतं त्याहून फार हलके. शार्दूल हात पुढे करून तयारीत उभा होता. त्याने हात खाली घेतले. मग तो आतल्या खोलीत गेला आणि बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवा झाला.

तो जेवायलाही उठला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीही झोपलेलाच होता. ऊर्मिलाने त्याचे बूट काढले आणि दार ओढून घेतलं. कादंबरीने गुरगुट्या भातावर मेतकूट घातलं, तूप सोडलं, कालवलं, आणि चमचा अण्णांच्या डाव्या हातात दिला.